टप्प्याबाहेर

लग्नपत्रिकेची मागची बाजू कोरी होती,
तिच्यावर मी आमचं रान काढलं.
वर डोंगर, खाली व्हाळ,
मधे काजूच्या ओळी, आजोबांनी लावलेल्या,
आणि काजूंच्या पायाशी रानमोडी,
जी कुणीच लावली नव्हती.

पुरसोकाका पडवीत पाय लांब करून बसलेला.
एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय,
पण रान त्याला पाठ.
"कुळीथ कुठे पेरतेस?"
व्हाळाच्या अलीकडे, सपाटीवर, मी म्हटलं,
ऑक्टोबरात, पाणी निचरल्यावर.
"तिथे नको. सांजेचा वारा घराकडून तिकडे जातो.
तुझ्या चुलीचा धूर सांबराला
तुझ्याआधी कळतो."

असं त्याचं सगळं.
कुठली करमळ आधी पिकते,
भेकर कुठल्या वळणावर थांबून कान फिरवतं,
पिसोरी कुठल्या ढोलीत,
"सशाएवढी ती, तिला काय मारायचं.
एकदा मारली."
मग बराच वेळ तो बोलला नाही.
मी पेन्सिलीला टोक काढत राहिले.

अंतर तो पावलांत सांगत नाही.
"माळ्यापासून एक बार," म्हणतो,
"आवळ्यापर्यंत दीड,
आणि दीड म्हणजे फुकट गेलेलं काडतूस."
विश्राम टेप घेऊन गेला, मोजून आला:
एक बार म्हणजे चाळीस मीटर,
किंचित कमी, मधे वारूळ आहे.

बंदूक अजून आहे. पिकाच्या राखणीची, परवान्याची.
दर निवडणुकीला वाळपईच्या ठाण्यात जाऊन बसते,
निकाल लागला की घरी येते.
नळीला गंज चढलाय.
काका जपतो ती ठाण्याची पावती.

"रानमोडी सगळी उपटू नकोस, पट्टे ठेव.
उघड्यावर जेवायला कुणाला आवडतं?"
मी पट्टे ठेवले.
जुन्या कुमेरीच्या उतारावर नाचणी लिहिली,
करडाचं गवत जानेवारीपर्यंत कापायचं नाही, असं लिहिलं,
व्हाळात दगड रचून एक कोंड,
मे महिन्यासाठी.
आणि मीठ?
"मीठ आम्हीही ठेवायचो," काका म्हणाला,
"मिठागराचं, गोणपाटातून आणलेलं,
माळ्यासमोरच्या दगडावर."
तो दगड मी पाहिलाय. मधोमध वाटीसारखा खोल.
लहानपणी वाटायचं, पाण्यानं झाला असेल.

आग्नेल कुंपणापलीकडून विचारतो,
लोक जनावरं हाकलायला राखण बसवतात
आणि तुम्ही त्यांच्यासाठी पेरता?
बरं, गवे आले म्हणजे?
गव्यांचं उत्तर माझ्याकडे नाही.
पत्रिकेवर तेवढी जागाच उरली नव्हती.

शेवटी काकानं कागद मागितला,
डोळ्याशी धरला, मग बोटानं चाचपला,
जणू पेन्सिलीच्या रेघांना उंची असते.
"माळा कुठे?"
मी त्याचं बोट माळ्यावर ठेवलं.
तिथून ते निघालं, कुळथाकडे, नाचणीकडे, कोंडीकडे,
प्रत्येक वेळी वाटेत जरा अडखळून.
"सगळं टप्प्याबाहेर पेरलंस."
मी गप्प.
विश्राम टेप गुंडाळत बसला.
"मग मी काय बघू?"

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती.

तेव्हा दगडापाशी, अर्ध्या बारावर,
चटईएवढ्या तुकड्यात अळसांदे.
वर नेायचा तो फक्त थर्मास, असं ठरलं,
काकानं मान हलवली, ती होकाराची असावी.

नोव्हेंबरात एकदा वर चढलो.
शिडी विश्रामनं नवी केलेली,
तरी काका जुन्या पायऱ्या मोजत चढला, एक जास्त निघाली.
अंधार पडला. चहा निवला.
मग खाली काहीतरी खाऊ लागलं,
सावकाश, शेंगा देठासकट तोडत.
सांबर असेल.
आग्नेलची सुटलेली गायही असेल.
काकानं माझं मनगट घट्ट धरलं.
"हळू बोल," तो कुजबुजला.
मी बोलतच नव्हते.